धुतल्यावर उरतो तो पिवळा

टीबीच्या लॅबमध्ये रंगवण्यापेक्षा धुण्याचं काम मोठं असतं, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. त्याला वाटतं, रंग टाकला की जंतू दिसतो. पण रंग तर सगळ्यालाच लागतो. बेडक्यातल्या पेशींना लागतो, चिकट शेंबडाला लागतो, रात्रीच्या भाकरीचा कण तोंडात राहिला असेल तर त्यालाही लागतो. स्लाईडवर ऑरामाइन नावाचा रंग ओतून वीस मिनिटं झाली की अख्खा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला बेडक्याचा थर, एकसारखा पिवळा झालेला असतो. त्यात टीबीचा जंतू असला तरी तो कुठे बसलाय हे कुणालाच सांगता येणार नाही. मग आम्ही त्यावर आम्ल मिसळलेलं अल्कोहोल ओततो. तीन मिनिटांत सगळ्यांचा रंग उतरतो. एकाचा उतरत नाही.

त्या एकाच्या हट्टावर आमचं काम उभं आहे. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. मला ऑरामाइन ओ या रंगाबद्दल लिहायचंय, कारण त्याच्याबद्दल लोक जास्तीचं समजून चालतात. ऑरामाइन टीबी ओळखत नाही. तो एका विशिष्ट प्रकारच्या कवचात जाऊन अडकतो, एवढंच. ओळखण्याची जबाबदारी आम्लाची, अंधाराची आणि दुर्बिणीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाला, डोळा लावून बसलेल्या माणसाची. हे नीट कळलं की त्याच्यावर कुठे विसंबायचं आणि कुठे नाही, तेही कळतं.

सुरुवात बेडक्यापासूनच करावी लागते, कारण तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

“दिलं की मॅडम, डबीत.”

डबी उजेडासमोर धरावी तर आत पाण्यासारखी लाळ.

“काका, ही थुंकी झाली. मला बेडका पाहिजे. बाहेर मोकळ्यावर जा. दोनदा खोल श्वास घ्या, जरा थांबा, आणि छातीतनं ओढून खोका. लाजू नका, आत्ता तिथे कुणी नाही.”

पाच-दहा मिनिटांनी काका दमून परत येतात, आणि डबीत पिवळसर, घट्ट, कामाचं काहीतरी असतं. लाळेवर कितीही महागडा रंग ओतला तरी उपयोग नाही. बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० जंतू असतील तेव्हा कुठे स्लाईडवर एखादा नजरेला पडण्याची शक्यता असते. म्हणून डबीतला सगळ्यात घट्ट, पुवासारखा भाग हुडकून घ्यायचा. त्यासाठी आम्ही खराट्याची काडी वापरतो. काडी मोडली की तुटलेल्या टोकाला बारीक धागे सुटतात, आणि त्या धाग्यांवर बेडका छान धरला जातो. स्लाईडच्या मधोमध दोन बाय तीन सेंटिमीटरचा पट्टा, काडी बारीक बारीक गोल फिरवत पसरायचा, आणि काडी जंतुनाशकाच्या बादलीत टाकायची. स्मिअर वाळला की स्लाईड छापील वर्तमानपत्राच्या चार-पाच सेंटिमीटर वर धरून बघायचं. खालची अक्षरं पुसट पण वाचता आली तर जाडी बरोबर. अक्षरं स्वच्छ दिसली तर पातळ झाला, अजिबात दिसली नाहीत तर जाड. जाड स्मिअर धुताना सोलून निघतो आणि त्याच्याबरोबर जंतूही वाहून जातात. आमच्या टेबलावर जुन्या पेपरचा एक चतकोर कायम असतो तो यासाठी.

आता रंग. बाटलीतली ऑरामाइनची पूड पिवळीधमक असते, आणि इतकी हलकी की झाकण जोरात उघडलं तर नाकापर्यंत उडते. एक ग्रॅम पूड १०० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये विरघळवायची. वेगळ्या भांड्यात ३० ग्रॅम फिनॉल ८७० मिलिलिटर पाण्यात. वापरताना फिनॉलच्या नऊ भागांत रंगाचा एक भाग. फिनॉलचे खडे हाताळताना जीव मुठीत धरावा लागतो. कातडीला लागलं तर ती जागा पांढरी पडते आणि सुरुवातीला दुखतही नाही, त्यामुळे भाजलंय हे उशिरा कळतं. पण फिनॉलशिवाय चालत नाही. टीबीच्या जंतूच्या भिंतीत मायकोलिक आम्लं असतात, एकेका रेणूत ६० ते ९० कार्बन असलेली लांबलचक मेणचट आम्लं. त्या मेणातून रंगाला आत शिरायला फिनॉल वाट करून देतं. आणि एकदा आत शिरलेला रंग आम्लाला बाहेर काढता येत नाही, तो त्याच मेणामुळे.

या शोधाचा इतिहास मला फार आवडतो, कारण त्यात घाई आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू जगापुढे मांडला. त्यांची रंगवण्याची पद्धत मंद होती, स्लाईड मेथिलीन ब्ल्यूमध्ये जवळजवळ दिवसभर ठेवावी लागे. त्या सभेत पॉल एर्लिख बसले होते. त्याच वर्षी त्यांनी वेगळे रंग घेऊन पाहिले, नायट्रिक आम्लाने धुऊन पाहिलं, आणि बाकी सगळं फिकं पडलं तरी हा जंतू रंग सोडत नाही हे दाखवून दिलं. मग त्सील यांनी कार्बोलिक आम्ल म्हणजे फिनॉल आणलं, नीलसन यांनी त्यात फ्युक्सिन हा लाल रंग मिसळला, आणि दोघांच्या नावाची ती लाल रंगाची पद्धत आजही जगभर चालते. पुढे काही वर्षांनी एर्लिख यांना स्वतःच्याच बेडक्यात तो जंतू सापडला आणि हवापालटासाठी ते इजिप्तला गेले. आपणच घडवलेल्या पद्धतीने आपलंच निदान वाचताना त्या माणसाला काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ऑरामाइनही त्याच काळातला. १८८३ साली केर्न आणि कारो या रसायनशास्त्रज्ञांनी तो बनवला, पण दवाखान्यासाठी नाही. कागद, कातडं, ताग, रेशीम पिवळं करायला तो कारखान्यांत जायचा. टीबीसाठी त्याला पन्नासएक वर्षं थांबावं लागलं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत हागेमान यांनी ऑरामाइनने रंगवलेले जंतू अंधारात चमकताना पाहिले आणि तशी पद्धत प्रसिद्ध केली.

ते चमकणं हाच या रंगाचा खरा गुण, आणि त्याची गंमत समजायला थोडं रसायनशास्त्र पोटात घ्यावं लागतं. ऑरामाइनच्या रेणूच्या मध्यभागी एक कार्बन असतो आणि त्याच्या दोन बाजूंना बेंझिनची दोन कडी, दोन हातांसारखी. निळा प्रकाश पडला की रेणू ऊर्जा शोषतो. ती ऊर्जा त्याला कुठेतरी टाकावीच लागते. साध्या पाण्यात रेणू मोकळा असतो. त्याची दोन्ही कडी गरकन वळतात आणि ऊर्जा त्या वळण्यातच काही पिकोसेकंदांत संपते, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, त्याचाही हजारावा, तसे थोडे. प्रकाश म्हणून बाहेर पडायला काही उरत नाही. म्हणून ऑरामाइनचं पाण्यातलं द्रावण दिसायला पिवळं, पण चमक जवळजवळ शून्य. तोच रेणू मेणचट भिंतीत अडकला की धान्याच्या पोत्यात कोपरापर्यंत खुपसलेल्या हातासारखी त्याची गत होते. वळायला जागाच नाही. मग ऊर्जा टाकायचा एकच मार्ग राहतो, आणि रेणू हिरवट-पिवळा प्रकाश सोडतो. ग्लिसरीनसारख्या दाट द्रवातही तो असाच उजळतो. प्रथिनांच्या खोबणीत बसला तरी उजळतो.

म्हणजे आम्ल-अल्कोहोलने जे काम वरवर केलं, तेच काम रंगाचा स्वभाव आतून दुसऱ्यांदा करतो. सुटा राहिलेला रंग दिसायचाच नाही, अडकलेला तेवढाच दिसणार. तरीही पेशींच्या कचऱ्याला थोडाफार रंग चिकटून राहतो, म्हणून शेवटी एक मिनिट पोटॅशियम परमँगनेट घालतो. आमच्याकडे गावोगावी विहिरीत टाकायचे तेच जांभळं औषध. ते मागची चमक मारतं आणि पार्श्वभूमी काळी करतं. इथे घड्याळाकडे लक्ष हवं, जास्त वेळ राहिलं तर ते जंतूंची चमकही मारतं. नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याचंही तसंच, म्हणून धुवायला शक्यतो डिस्टिल्ड पाणी.

खोलीचा दिवा बंद केला, पडदा ओढला, आणि निळा एलईडी लावला. नव्या मुलींना मी आधी दोन-चार मिनिटं नुसतं अंधारात बसायला सांगते. डोळा अंधाराला सरावला नसेल तर क्षीण जंतू हातचे जातात. दुर्बिणीतून दिसतं ते काळं, खोल, किंचित हिरवट. स्लाईड सरकत जाते. कुठे एखादा धुरकट ढग, कुठे कोनाकोनाचा चमकणारा खडा. हे सगळं सोडून द्यायचं. आणि मग अचानक एक बारीकशी रेघ येते. सडसडीत, जराशी वाकलेली, कधी मण्यांची माळ ओवल्यासारखी तुटक, आणि कडा स्वच्छ. लांबी दोन-तीन मायक्रॉन. फोकस थोडा वर-खाली केला तरी तिचा आकार बिघडत नाही. खड्याचा बिघडतो. कधी दोन जंतू एकमेकांना टेकून इंग्रजी व्ही करतात. हे पुस्तकात वाचून येत नाही. शेकडो निगेटिव्ह स्लाईडवरचा कचरा डोळ्याखालून गेला की मग जंतू आपोआप वेगळा दिसायला लागतो.

मी शिकले तेव्हा लाल पद्धत होती. खालून ज्योत लावून रंग वाफाळेपर्यंत तापवायचा, मग तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठं करून पाहायचं. निगेटिव्ह म्हणायला निदान शंभर क्षेत्रं, म्हणजे एका नजरेत दिसणारे भाग, बघायची, म्हणजे एका स्लाईडला पाच ते दहा मिनिटं. निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी रेघ शोधताना संध्याकाळी डोळे चुरचुरायचे. ऑरामाइनला तापवावं लागत नाही, तेल लागत नाही. काळ्यावर चमकणारी गोष्ट दुरूनही उठून दिसते, म्हणून २०० किंवा ४०० पटच पुरते आणि एका नजरेत कितीतरी मोठा भाग येतो. स्लाईड दोन-तीन मिनिटांत होते. आणि सापडतातही जास्त. निरनिराळ्या अभ्यासांचा मेळ घातला तेव्हा फ्लुरोसन्ट म्हणजे या चमकणाऱ्या रंगाच्या पद्धतीची पकड लाल पद्धतीपेक्षा सरासरी दहा टक्के जास्त निघाली होती. मग ही पद्धत तालुक्यापर्यंत यायला इतका उशीर का झाला? दिव्यामुळे. पूर्वी त्यासाठी पाऱ्याच्या वाफेचा दिवा लागायचा. महाग, तापणारा, दोनेकशे तासांत संपणारा, आणि त्याला पूर्ण अंधारी खोली हवी. हजारो तास चालणारे, बॅटरीवरही पेटणारे निळे एलईडी आले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या पद्धतींऐवजी एलईडी वापरा असं सांगितलं. रंग १८८३ चा, तपासणी १९३० च्या दशकातली, आणि आमच्या टेबलावर ती आली एका छोट्या दिव्यामुळे. वीज जाऊन-येऊन असलेल्या ठिकाणी काम केलेल्या माणसालाच त्याची किंमत कळेल.

सगळ्यात कठीण स्लाईड म्हणजे ‘स्कँटी’, तुरळक जंतूंची. ४०० पट मोठं करून चाळीस क्षेत्रं पाहिली आणि एक ते एकोणीस जंतू दिसले, तर प्लसची खूण करायची नाही, मोजलेला आकडा लिहायचा. भरभरून असलेली स्लाईड कुणीही वाचेल. तीनच रेघा दिसतात तेव्हा हात थबकतो. त्या तीन रेघांवर एका माणसाचे सहा महिने ठरणार असतात. औषधं, घरातल्या लहानग्यांची तपासणी, कामावर काय सांगायचं, सासरी काय सांगायचं. अशा वेळी मी सहकाऱ्याला बोलावते आणि काही न सांगता डोळा लावायला सांगते. काय दिसलं ते आधी त्याने बोलायचं, मग मी.

आणखी एक गोष्ट मला या रंगाची फार महत्त्वाची वाटते. तो विटतो. निळ्या प्रकाशाखाली एकाच जागी थांबून राहिलं तर समोरची रेघ बघता बघता मावळते. रंगवलेली स्लाईड अंधारात ठेवली तरी फार दिवस भरवसा नाही. त्यामुळे फेरतपासणीसाठी निवडलेल्या स्लाईड वाचण्याआधी पुन्हा रंगवाव्या लागतात. जंतू जागचा हललेला नसतो, फक्त काळोखात गेलेला असतो. पुन्हा ऑरामाइन, पुन्हा आम्ल, पुन्हा परमँगनेट, आणि तो त्याच जागी परत दिसतो.

टीबीखेरीजही ऑरामाइनची कामं आहेत. जुलाबाच्या रुग्णांच्या शौचात क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीच्या गाठी याच रंगाने शोधतात. वनस्पतींचा अभ्यास करणारे लोक पानावरचं क्युटिन, खोडातलं लिग्निन आणि परागकणाचं बाहेरचं कवच त्याने उजळवतात. रक्तातल्या कोवळ्या तांबड्या पेशींत आरएनए शिल्लक असतो, तो याने रंगवून पेशी मोजणारं यंत्रही निघालं होतं.

आणि एक काम असं आहे, ज्याने माझा संताप होतो. हा रंग खाण्यात घालायला आपल्याकडे परवानगी नाही, तरी मिठाईत आणि भाजलेल्या चण्यांत तो सापडल्याच्या बातम्या येतात. स्वस्त आहे, चिमूटभरात भडक पिवळं होतं. ऑरामाइन बनवणाऱ्या इंग्लंडमधल्या कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग जास्त आढळतो, हे १९५४ सालीच केस आणि पिअर्सन यांनी दाखवलं होतं. त्याच्या उत्पादनाचं काम आज माणसाला कर्करोग देणाऱ्या कामांच्या पहिल्या गटात आहे. मी एक ग्रॅम तोलताना हातमोजे घालते, मास्क लावते, पंखा बंद करते. तीच पूड लहान मुलाच्या हातातल्या फुटाण्यावर असावी, हे मला सहन होत नाही.

आता रंगाच्या मर्यादेकडे येते. ऑरामाइन अडकतो मेणचट भिंतीत. तशी भिंत फक्त टीबीच्या जंतूची नसते, माती-पाण्यातल्या त्याच्या कितीतरी भाऊबंदांची असते. म्हणून आमच्या अहवालात ‘टीबी आहे’ असं वाक्य कधीच नसतं, आम्लाला न जुमानणारे जंतू दिसले एवढंच असतं. दुसरं म्हणजे, मेलेल्या जंतूचीही भिंत शिल्लक असते.

यंत्रमागावर काम करणारे एक काका आठवतात. दोन महिने औषधं न चुकता घेतलेली, वजन वाढलेलं, खोकला जवळजवळ थांबलेला. तपासणीला बेडका आणायलाही त्यांना कष्ट पडले होते. स्लाईडवर मात्र अजून थोडे जंतू होते. “म्हणजे गोळ्या लागू पडेनात का, ताई?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “काका, दिसले आहेत, पण ते जिवंत आहेत की मेलेले, हे या तपासणीत कळत नाही. कल्चरला पाठवतोय. गोळ्या बंद करू नका.” कल्चर म्हणजे जंतू वाढतो का ते बघत आठवडेच्या आठवडे थांबणं. त्यांच्या नमुन्यात काहीही वाढलं नाही. दिसले होते ते मेलेले होते. पण मधले ते आठवडे काका झोपले नसणार, आणि त्यांच्या घरचेही.

आजकाल निदान सीबीनॅटवर किंवा गोव्यातल्या कंपनीच्या ट्रुनॅटवर होतं, आणि ते व्हायलाच हवं. ती यंत्रं जंतूचा डीएनए शोधतात. मिलिलिटरमध्ये शे-दीडशे जंतू असले तरी सीबीनॅट पकडतं, आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का तेही काही तासांत सांगतं. पण डीएनएही मेलेल्याचा मागे राहतो. म्हणून उपचार चालू असताना तब्येत कशी सुधारतेय हे बघायला अजूनही स्लाईडच लावतात. तिथे आमचा आधार ऑरामाइनच, आणि त्याचा तो कमकुवतपणाही जात नाही. जिवंत पेशीतच चमकणारा फ्लुरेसीन डायॲसिटेट हा एक रंग आहे. पेशीतली चालू एन्झाइमं त्याला तोडतात तेव्हाच तो उजळतो. काही ठिकाणी तो टीबीसाठी वापरून पाहिला गेला आहे. पण ते नमुने न मारता हाताळावे लागतात, आणि साध्या लॅबमध्ये ते धोक्याचं आहे.

२०१८ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला कॅरोलिन बर्टोझी यांच्या गटाने एक नवा रंग मांडला, त्याबद्दल मी मिळेल तिथे वाचते. ट्रेहॅलोज नावाची साखर टीबीचा जंतू आपल्या मेणाच्या भिंतीत गुंफत असतो. त्यांनी त्या साखरेला असा रंग जोडला, जो पाण्यात अंधारा राहतो आणि स्निग्ध जागी गेला की उजळतो. जुन्या ऑरामाइनचाच स्वभाव, वेगळ्या वाटेने आलेला. भिंत विणण्याचं काम जिवंत जंतूच करतो, मेलेला नाही. त्यामुळे उजळला तो जिवंत, आणि सुटा रंग चमकतच नसल्यामुळे धुवायचीही गरज नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांच्या बेडक्यावर त्यांनी तो लावून पाहिला आणि जंतू दिसले.

असा रंग आमच्याकडे यावा असं मला मनापासून वाटतं. जो कुणी तो बाजारात आणेल त्याला माझं सांगणं एवढंच, की तो मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात टिकला पाहिजे, आमच्याकडे आहेत त्याच एलईडी दुर्बिणींवर दिसला पाहिजे, आणि एका स्लाईडचा खर्च ऑरामाइनच्या आसपास राहिला पाहिजे. जिवंत नमुना टेबलावर किती वेळ उघडा राहणार, आणि तेवढा वेळ आम्ही कशाच्या आडोशाला बसून काम करायचं, हेही त्याने आधीच ठरवून द्यावं.